गोलेगाँ : घोड्यांचं गाव (पोर्तुगाल)

टांगेवाल्याची_नात

नोव्हेंबरात तीन दिवस गोलेगाँला जाऊन आले. परत आल्यापासून लिहायचं लिहायचं म्हणतेय, पण बसून चार ओळी टाकायला आज मुहूर्त लागला. इथे घोड्यांवर जीव असणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी नावाबद्दल. त्यातला शेवटचा स्वर पूर्ण नाकातून येतो आणि 'गो'सुद्धा 'गु'कडे झुकतो, त्यामुळे मराठीत लिहिताना तडजोड करावीच लागते. गावात सांगतात की फार पूर्वी गॅलिसियाहून (स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला प्रांत) आलेल्या एका बाईने इथे वाटसरूंसाठी खाणावळ टाकली होती. गॅलिसियाची बाई म्हणजे 'गालेगा', आणि त्यावरून हे नाव पडलं.

लिस्बनहून रेल्वेने एंत्रोंकामेंतु जंक्शनला उतरायचं. तिथून गाव सहा-सात किलोमीटर. जिल्हा सांतारें, प्रांत रिबातेजू. सगळा तालुका धरला तरी वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास. एवढंसं गाव, पण पोर्तुगालमध्ये कुणालाही 'घोड्यांची राजधानी कुठली' असं विचारा, उत्तर हेच मिळेल.

११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण असतो. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला बघून या घोडेस्वार शिपायाने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. या सणाच्या सुमाराला इथे जत्रा भरते. जनावरांचा बाजार जुनाच होता. अठराव्या शतकात, पोंबालचा मार्क्विस राजाचा मुख्य मंत्री होता त्या काळात, त्यात घोड्यांची प्रदर्शनं आणि चढाओढी वाढत गेल्या. १९७२ पासून ती राष्ट्रीय अश्वजत्रा झाली. याच दिवसांत नवी वाइन चाखतात आणि चेस्टनट भाजतात. गावभर त्या भाजण्याचा धूर असतो. कपड्यांना, केसांना, उशीलासुद्धा तोच वास. मला तो आवडला.

गावाच्या मधोमध आर्नेरू नावाचं मैदान आहे. आत वाळूचं रिंगण, आणि त्याच्या भोवतीने घोड्यांना फिरायला लांबट गोल वाट. सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत त्या वाटेवर घोडे चालूच. तिकीट काढून बघायचा खेळ नाही हा. ज्याच्याकडे घोडा आहे तो येतो आणि फिरतो. आजोबा फिरतात, त्यांच्या शेजारी सात-आठ वर्षांची नात तट्टावर, मागे सगळ्या घराला घेऊन दोन घोड्यांची बग्गी. बायकांचे आणि पुरुषांचे पोशाख ठरलेले: आखूड जाकीट, रुंद काठाची टोपी, उंच बूट. कुणी घाईत नाही, कुणी ओरडत नाही. इतकी जनावरं आणि इतकी माणसं एका जागी असूनही जो शांतपणा होता, त्याने मी थक्क झाले.

एक प्रसंग सांगते. रात्रीचे दहा वाजले असतील. एका गल्लीच्या तोंडाशी छोटा बार होता, त्याची खिडकी रस्त्यावर उघडणारी. पासष्टीचे एक गृहस्थ घोड्यावरून आले आणि खिडकीशी थांबले. लगाम डाव्या हाताच्या दोन बोटांत, तोही सैल. आतल्या मुलाने न विचारता पेला पुढे केला. गृहस्थ खोगिरावर बसूनच पिऊ लागले आणि कुणाशी तरी बोलू लागले. मी घोड्याच्या अगदी मानेजवळ होते. पांढरा घोडा, कानांच्या टोकांना अजून करडी झाक. पलीकडून फटाक्यासारखा काहीतरी आवाज झाला. त्याचा एक कान तिकडे वळला, कातडी खांद्यापाशी एकदा थरथरली, बस्स. पाय जागचा हलला नाही. मग त्या गृहस्थांनी रिकामा हात खाली आणून आयाळीच्या मुळाशी दोनदा खाजवलं. बोलणं न थांबवता, बघितल्याशिवाय.

ते खाजवणं बघून मला रडू आलं. माझे आजोबा मिरजेत टांगा हाकायचे. स्टेशन ते दर्गा, स्टेशन ते दवाखाने. सवारीशी बोलता बोलता त्यांचा हात असाच राजाच्या मानेवर जायचा. संध्याकाळी आधी राजाला खरारा आणि चंदी, मग स्वतःचं जेवण. पुढे रिक्षा आल्या, टांगे गेले, राजाही गेला. रिकामा तबेला मी लहानपणापासून बघितला आहे. म्हणून गोलेगाँत माझ्या मनात सतत एकच प्रश्न होता: यांच्याकडेही मोटारी आल्या, ट्रॅक्टर आले, मग यांचा घोडा कसा राहिला?

जाणकारांनी लिहावं.

---

कृष्णाकाठचा

ताई, मिरजेचे टांगे आठवून गलबलून आलं. स्टेशनबाहेरची दगडी पाण्याची कुंडी आठवते मला.

दोन शंका. एक, घोड्यांची पैदास याच भागात का वाढली? दुसरी, पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षं होते. त्यांचे हे घोडे आपल्याकडे आले का? आपल्या दख्खनी घोड्यात यांचं रक्त असेल का?

---

टांगेवाल्याची_नात

पहिल्याचं उत्तर जमीन बघितली की कळतं. गाव तेजू आणि अल्मोंदा या नद्यांच्या सखल पट्ट्यात आहे. हिवाळ्यात नदी फुगते, शेतं पाण्याखाली जातात, आणि पाणी ओसरलं की मागे गाळ राहतो. त्या गाळावर गवत काय येतं! अशा जमिनीला ते 'लेझीरिया' म्हणतात. वाडे-वस्त्या उंचवट्यावर आणि खाली मोकळी कुरणं. त्यात काळे बैल आणि घोड्या, दोघांचे कळप. बैल मोकळे सोडलेले, अर्धे रानटी. त्यांना वळवायचं तर पायी माणसाचं काम नाही, चपळ घोडाच हवा. तिथल्या घोडेस्वार गुराख्याला 'कांपीनू' म्हणतात. हिरवी टोपी तिला लाल काठ, लाल बंडी, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, हातात लांब काठी. जत्रेत नटूनथटून येतात, पण काठी धरायची पद्धत बघितली की कळतं, हा रोजचा हात आहे.

दुसऱ्याचं मला नीट माहीत नाही.

---

मडगांवकार

दुसऱ्याचं मी सांगतो.

घोड्यांचा व्यापार गोव्यातून प्रचंड झाला, पण ते घोडे पोर्तुगालचे नव्हते. ते अरबस्तानातून आणि इराणकडून, होर्मुझ बंदरातून यायचे. पोर्तुगीज येण्याआधीपासून हा धंदा चालू होता. १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतलं त्यामागे हेही एक मोठं कारण. घोड्यांची जकात हे गोव्याच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं, आणि विजयनगर व आदिलशाही दोघांनाही घोडे हवे असल्याने घोडे कुणाला मिळू द्यायचे हे गोव्यात बसून ठरवता यायचं. विजयनगरचं वर्णन लिहून ठेवणारा फेर्नाव नुनिश स्वतः घोड्यांचा व्यापारी होता असं मानतात.

लिस्बनहून घोडा का आणला नाही, हे साधं आहे. आफ्रिकेला वळसा घालून यायला सहा महिने लागायचे. माणसंच वाटेत मरायची, तिथे घोडा काय टिकणार? होर्मुझहून मात्र वारा साथीला असला की काही आठवड्यांत गलबत गोव्यात. त्यामुळे दख्खनी घोड्यात अरबी आणि इराणी रक्त मिसळलं असेल. पोर्तुगालच्या या लुसितानो जातीचं म्हणाल तर तसा संबंध जोडायला आधार नाही.

एक शब्द मात्र नक्की आला. गोलेगाँच्या जत्रेला ते 'फेइरा' म्हणतात. आमच्याकडे फेस्ताला देवळाबाहेर किंवा चर्चबाहेर दुकानं लागतात ती 'फेरी'. लहानपणी आईच्या मागे लागून फेरीतले खाजे आणायचो. ताईंचा धागा वाचेपर्यंत तो शब्द कुठून आला हे कधी मनात आलं नव्हतं.

---

डॉ_खूर

जनावरांचा डॉक्टर आहे. बावीस वर्षं घोड्यांत गेली, त्यामुळे या धाग्यावर जरा लांब लिहीन, चालवून घ्या.

त्या घोड्याच्या जातीचं नाव लुसितानो. स्पेनचा आंदालुसियन आणि हा, दोघे मूळचे एकच. १९६० च्या दशकात पोर्तुगालने आपली वंशावळीची वही वेगळी केली तेव्हापासून नावं वेगळी झाली. अंगाने मध्यम, साधारण साडेपंधरा-सोळा मूठ उंच (एक मूठ म्हणजे चार इंच). नाकाड किंचित बाकदार, मान जाड आणि कमानदार, पाठ आखूड, पुठ्ठे गोल. मागचे पाय पोटाखाली घेऊन अंग गोळा करण्याची त्याची ताकद जन्मजात आहे. त्यामुळेच तो जागच्या जागी दुडकी चालू शकतो आणि पुढच्या क्षणी उसळून निघू शकतो. घोड्यावरून बैलाशी झुंजायचा तिथला जो खेळ आहे, त्यात बैलापुढे हीच गोष्ट जीव वाचवते.

ताईंनी पांढऱ्या घोड्याच्या कानांची करडी झाक लिहिली आहे. बारीक नजर आहे. हे घोडे पांढरे जन्मत नाहीत. शिंगरू काळं, कुमैत (लालसर तपकिरी, आयाळ काळी) किंवा तपकिरी असतं. वर्षागणिक पांढरे केस येत जातात, मधल्या काळात अंगावर ठिपक्यांची नक्षी उठते. आपण सब्जा म्हणतो तो हा रंग. सात-आठ-दहा वर्षांनी पूर्ण पांढरा. खालची कातडी मात्र काळीच. नाकपुडीजवळ बघा, लगेच कळेल. आपल्याकडचा नुकरा वेगळा, त्याची कातडीच गुलाबी.

अजून एक. तिथे माद्यांची आणि लहान शिंगरांची आयाळ नि शेपटीचे केस भादरायची जुनी चाल आहे. फोटोत बोडकी घोडी दिसली तर आजारी समजू नका. आयाळ वाढवायची ती वळूची, म्हणजे पैदाशीच्या नर घोड्याची.

आता ताईंच्या प्रश्नाकडे, घोडा राहिला कसा. खरं सांगायचं तर तो एकदा जवळजवळ गेलाच होता. ती गोष्ट गोलेगाँची नाही, आलेंतेजू प्रांतातल्या आल्तेर दू शांव या गावची आहे. १७४८ मध्ये राजा पाचवा जोआंव याने तिथे शाही पागा उभारली. स्पेनमधून निवडक घोड्या आणल्या. हेतू एकच, लिस्बनच्या राजवाड्यातल्या अश्वशाळेला घोडे पुरवायचे. लिस्बनच्या चौकात राजा पहिला जोझेचा पुतळा आहे, १७७५ चा. त्यातला घोडा 'जेंतिल' नावाच्या आल्तेरच्या वळूवरून घडवला.

मग नेपोलियनच्या फौजा आल्या. पागा लुटली गेली, घोडे नेले. त्यानंतर जे झालं ते त्याहून वाईट. युरोपात ज्या जातीची चलती असेल तिचं रक्त आणून ओतलं. नॉर्मन, हॅनोव्हरियन, अरब. दर पिढीत नवा प्रयोग, आणि दर पिढीत मूळ घोडा आणखी पातळ. १९१० मध्ये राजेशाही संपली तेव्हा शाही पागेला वालीच उरला नाही. रुइ द आंद्रादे नावाचे एक जाणकार पुढे झाले. शिल्लक राहिलेल्यांतले दोन वळू आणि मूठभर घोड्या त्यांनी बाजूला काढून जपल्या. त्यांतून कळप पुन्हा उभा केला आणि १९४० च्या दशकात तो सरकारच्या कृषी खात्याच्या हाती दिला. आजचा 'आल्तेर रेआल' म्हणजे त्या मूठभरांची प्रजा. बहुतेक सगळे कुमैत.

मी आमच्या भागात हेच उलट्या दिशेने होताना बघतो आहे. उंच दिसावा म्हणून, नाचवायला बरा म्हणून, मिळेल तो वळू लावतात. काटक दख्खनी तट्टू घाट चढायचं, मूठभर दाण्यावर राहायचं. ते दाखवायला मला आता दिवसभर गाडी फिरवावी लागते. भीमथडीच्या घोड्यासाठी हल्ली काही माणसं झटत आहेत, त्यांना माझा सलाम.

---

अबोली_

डॉक्टर, फार छान लिहिलंत. पण मला एक टोचतंय. हा सगळा घोडा बैलाच्या खेळासाठी घडवला, मग या कौतुकात आपण बैलाला विसरतोय का?

---

डॉ_खूर

अबोलीताई, रास्त प्रश्न आहे. पोर्तुगालमध्ये बैलाला रिंगणात, लोकांसमोर मारत नाहीत. शिंगांना चामड्याची टोपणं घालतात. घोड्यावरचा स्वार बैलाच्या खांद्यात काटेरी काड्या रोवतो. पुढे आठ जणांची तुकडी पायी उतरते आणि बैलाला नुसत्या अंगाने अडवते. पण खेळ संपल्यावर बहुतेक बैल आडोशाला कत्तलखान्यात जातात. मला ते मान्य नाही आणि मी ते बघायला बसणार नाही.

पण जातीच्या इतिहासातून ते पुसताही येत नाही. घोड्याला इजा होऊ देणं ही तिथे स्वाराची नामुष्की समजतात. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीला तेच वळू ठेवले जे धीट होते, पण आडमुठे नव्हते, आणि इशाऱ्यासरशी वळायचे. बुजरा घोडा बाद, तापट घोडा बाद. बारच्या खिडकीशी जो निवांत उभा होता, त्याचा स्वभाव असा निवडून आला आहे. गोलेगाँच्या परिसरातला वैगा घराण्याचा कळप याच गुणासाठी नावाजलेला. लुसितानोत आंद्रादे, वैगा, आल्तेर आणि सरकारी पागा असे चार मुख्य वंश मानतात.

बरी गोष्ट ही की त्या गुणांना आता दुसरी कामं मिळाली आहेत. गुराख्याच्या कामावरून बेतलेली एक शर्यत असते. त्यात फाटक उघडणं, पूल ओलांडणं, काठीने कडी उचलणं आणि कळपातून ठरलेलं जनावर वेगळं काढणं, सगळं एका हातात लगाम धरून. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्येही (घोड्याला शिकवलेल्या चालींची स्पर्धा) लुसितानो पोचला. २०१२ ला लंडनमध्ये आल्तेरचा रुबी नावाचा घोडा होता, आणि टोकियोत पोर्तुगालचा अख्खा संघ लुसितानोंवर उतरला.

---

अबोली_

धन्यवाद डॉक्टर. सरळ उत्तर दिलंत, बरं वाटलं.

---

तापीतीर

आमचं गाव सारंगखेड्यापासून जवळ. दत्तजयंतीला आमच्याकडे घोड्यांचा बाजार भरतो, लांबून लांबून घोडे येतात. लहानपणी वडिलांचं बोट धरून जायचो. वडील दात बघून वय सांगायचे, भोवरे बघून घोडा घ्यायचा की नाही ते ठरवायचे. देवमण, पंचकल्याणी, सगळे शब्द तिथेच शिकलो.

मला विचारायचं आहे ते असं, गोलेगाँत एरवी काय असतं? आमच्याकडे बाजार उठला की वर्षभर मैदान मोकळं.

---

टांगेवाल्याची_नात

तापीतीर, मलाही तेच बघायचं होतं, म्हणून मी जत्रेनंतर दोन आठवड्यांनी परत गेले. रविवार होता आणि पाऊस भुरभुरत होता. दुकानं अर्धी बंद, पण घोडे होते. एक शाळकरी मुलगा खोगीर न घालता शिंगराला फिरवत होता. एका फाटकाआड नालबंद काम करत होता. फाटक सताड उघडं, म्हणून मी थांबले.

घोड्याचा मागचा पाय त्याने मांडीवर घेतला होता. जुनी नाल काढली, खूर तासला, कानस फिरवली. गरम नाल टेकवली तेव्हा पांढरा धूर निघाला आणि जळलेल्या खुराचा तो वास आला. मला तो वास माहीत होता! आमच्या गल्लीच्या टोकाला बाबूचाचा नालबंदाचं दुकान होतं, आजोबा राजाला तिथे न्यायचे. धूर निघाला की मी नाक दाबायचे आणि बाबूचाचा हसायचे. नालबंदाला मी मोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगितलं, माझे आजोबा टांगा चालवायचे. त्याने मान वर केली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: घोड्याचं नाव काय होतं?

गावातली बाकीची वास्तू-स्थळं पटकन सांगते. सोळाव्या शतकातलं चर्च, त्याचं दार दोरखंडाच्या नक्षीसारखं कोरलेलं. कार्लुश रेल्वश नावाच्या जमीनदाराने १८७० च्या दशकात बांधलेला लोखंड आणि काचेचा फोटो स्टुडिओ. हा माणूस शेतकरी, पट्टीचा घोडेस्वार आणि त्या काळातला नावाजलेला छायाचित्रकार, सगळं एकाच वेळी. फोटोसाठी उजेड हवा म्हणून अख्खं छप्पर काचेचं केलं. त्याच्याच मुलाने, जोझे रेल्वशने, १९१० मध्ये लिस्बनच्या नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा केली. शेजारचं आझिन्यागा हे गाव १९९८ चे नोबेल विजेते जोझे सारामागू यांचं जन्मगाव, याच तालुक्यात. पक्षी बघणाऱ्यांसाठी बोकिलोबूची पाणथळ जागा आहे, बगळ्यांसाठी प्रसिद्ध.

---

कृष्णाकाठचा

म्हणजे डॉक्टर म्हणाले त्याप्रमाणे, घोड्याला काम राहिलं म्हणून घोडा राहिला. आपल्याकडे टांग्याचं काम गेलं, आणि दुसरं काही दिलं नाही. वरातीत तासभर नाचवणं हे काही काम नव्हे.

---

डॉ_खूर

काम तर हवंच. त्यासोबत वही हवी. प्रत्येक शिंगराची नोंद, आई-बाप कोण ते रक्त तपासून पक्कं केलेलं, आणि वळू म्हणून मान्यता देण्याआधी बांधा आणि चाल यांची परीक्षा. माझं सगळं आयुष्य तोंडी वंशावळी ऐकण्यात गेलं. 'साहेब, याचा बाप खास राजस्थानातला' असं सांगतात, आणि बाप कुणी बघितलेला नसतो. तिथे शेतकऱ्याच्या घरात कागद सापडतो.

आणि सरकारने अश्वविद्येला कलेचा मान दिला. १९७९ मध्ये जुन्या शाही अश्वशाळेच्या वळणावर नवी शाळा काढली. स्वार अठराव्या शतकातला पोशाख करतात, घोडे आल्तेरचे. लिस्बनला बेलेंमध्ये त्यांचे खेळ होतात. २०२४ च्या डिसेंबरात पोर्तुगालची अश्वकला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

---

तापीतीर

डॉक्टरसाहेब, वहीचं सोळा आणे खरं. आमच्या बाजारात निदान स्थानिक तट्टांची तरी नोंद सुरू व्हावी असं मला फार वाटतं. या वर्षी बाजाराला तुम्ही येणार असाल तर कळवा. मी आणि माझे दोन मित्र वही घेऊन तुमच्याबरोबर फिरू. उतरायला आमचं घर आहे.

---

डॉ_खूर

येतो. मोजायची टेप आणि फॉर्म मी आणतो. पहिल्या दिवशी पहाटेच सुरू करू, गर्दी व्हायच्या आत. घोडा दाणा खाऊन शांत असतो तेव्हा मापं नीट घेता येतात. मालकाला आधी विचारायचं, मगच हात लावायचा.

---

मडगांवकार

ताई, पुढच्या नोव्हेंबरात आम्ही चौघे लिस्बनला आहोत. जत्रा किती दिवस असते, आणि राहायचं कुठे?

---

टांगेवाल्याची_नात

साधारण दहा दिवस असते, ११ तारीख मध्ये येईल अशी. गावात खोली मिळणं कठीण, वर्षभर आधी ठरवलेल्या असतात. एंत्रोंकामेंतुला राहा, तिथलं रेल्वे संग्रहालय मुलांना आवडेल. शनिवारी फार गर्दी होते. मधल्या वारी दुपारी चारला पोचा, उजेडात घोडे नीट बघा आणि रात्रीपर्यंत थांबा. पायात जाड बूट घाला, वाळू आणि लीद दोन्ही असतात. घोडा मागून येत असेल तर धावू नका, बाजूला सरून उभं राहा. तो तुम्हाला सांभाळून जातो.

आणि चर्चमागच्या गल्लीतला तो नालबंद भेटला तर त्याला सांगा, राजाची माणसं आली आहेत.